तुला इथे कोणी आणले? (प्रस्तावना)

हवानाला जाणाऱ्या चिनी मजुराच्या हातात निघण्यापूर्वी एक छापील कागद दिला जाई. मजकूर स्पॅनिशमध्ये आणि चिनीत. आठ वर्षे काम, महिन्याला चार पेसो, वर्षाला कपड्यांचे दोन जोड आणि एक ब्लँकेट, रोजचे जेवण, आजारपणात औषधपाणी. वरवर पाहिले तर चार करारनाम्यांसारखाच हा एक करारनामा. पण त्यात एक कलम असे आहे की ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मी कागद खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या कलमात मजूर लिहून देतो की, क्यूबातल्या मोकळ्या मजुरांना आणि गुलामांनासुद्धा माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मजुरी मिळते हे मला ठाऊक आहे. तरी ठरलेली रक्कम मला मान्य आहे, कारण मालक मला इतर सोयी देणार आहे.

ज्याने हे कलम मसुद्यात घातले त्याला पुढचे सगळे दिसत होते. हा माणूस मळ्यावर पोचेल, शेजारच्या माणसाला काय मिळते ते पाहील, फसवणूक झाल्याचे त्याच्या ध्यानात येईल आणि तो तक्रार करायला उभा राहील. त्या वेळी त्याच्यापुढे हाच कागद धरता यावा, म्हणून ते कलम. फसवल्याची कबुली फसलेल्याकडूनच आगाऊ लिहून घ्यायची, आणि खाली त्याचा अंगठा.

या पुस्तकात त्या अंगठ्यामागच्या माणसांच्या साक्षी आहेत. १८७४ साली चीनच्या सरकारने क्यूबाला एक चौकशी आयोग पाठवला. त्या आयोगापुढे १,१७६ मजुरांनी तोंडी जबान्या दिल्या आणि ८५ अर्ज लिहून दिले. अर्जांवर १,६६५ जणांच्या सह्या होत्या. त्यांतल्या निवडक साक्षी इथे मराठीत आणल्या आहेत. साक्षी वाचण्याआधी त्यांच्या मागची राजकारणाची गुंतागुंत वाचकाला माहीत असायला हवी, नाहीतर या साक्षी म्हणजे नुसते दुःखाचे गाठोडे वाटेल. त्या साक्षींचा राजनैतिक शस्त्रासारखा उपयोग झाला आणि त्यांनी एक व्यापार बंद पाडायला मदत केली. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

हा व्यापार सुरू झाला तो उसामुळे. ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी बंद केली आणि आफ्रिकेतून माणसे आणणाऱ्या जहाजांवर समुद्रात पहारे बसवले. क्यूबात गुलामगिरी चालूच होती, साखरेचा धंदा तर जोरात वाढत होता. पण नवे गुलाम मिळणे महाग आणि धोक्याचे होऊन बसले होते. जून १८४७ मध्ये ‘ओकेंदो’ नावाचे जहाज चीनच्या अमॉय बंदरातून दोनशेवर माणसे घेऊन हवानाला लागले, आणि पुढच्या सत्तावीस वर्षांत सुमारे १,४०,००० चिनी माणसे क्यूबासाठी जहाजांवर चढवली गेली. पोचली ती सव्वा लाखाच्या आसपास. मधला फरक समुद्रात गेला. पेरूमध्ये १८४९ पासून १८७४ पर्यंत आणखी नव्वद हजार ते लाखभर गेले. कोणी उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर, तर काही चिंचा बेटांवर, जिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर खणून ते खत युरोपला धाडले जात होते.

दक्षिण चीनमध्ये या धंद्याला लोकांनी दिलेले नाव होते ‘डुकराची पिल्ले विकणे’. माणसे जिथे डांबून ठेवत त्या आवारांनाही त्याच शब्दाने ओळखत. मराठीत मी त्यासाठी ‘कोंडवाडा’ हा शब्द वापरला आहे; याहून नेमका शब्द मला सापडला नाही. दलाल गावोगाव फिरत. कोणाला परदेशात चांगली नोकरी आहे म्हणून सांगत, कोणाला जुगारात कर्जबाजारी करून ताब्यात घेत, कोणाला सरळ पळवत. त्या वर्षांत क्वांगतुंग प्रांतात स्थानिक पुंती आणि बाहेरून आलेले हाक्का यांच्यात गावागावांतून लढाया चालू होत्या. त्यांत पकडलेले कैदीही मकावच्या कोंडवाड्यांत विकले गेले.

मकाव तेव्हा पोर्तुगीजांचे. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता हे गोव्याच्या वाचकांना आठवत असेल. हाँगकाँगमध्ये आणि इतर बंदरांत जसजसे निर्बंध आले तसतसा हा व्यापार मकावला एकवटला. तिथे नियम नव्हते असे मुळीच नाही. पोर्तुगीजांनी देखरेखीसाठी अधिकारी नेमला होता. जहाजावर चढवण्यापूर्वी प्रत्येक माणसाला त्याच्यासमोर उभे करून विचारले जाई : तू स्वखुशीने जातोस ना? साक्षींमध्ये या प्रसंगाचे वर्णन पुनःपुन्हा येते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कोंडवाड्यात परत नेऊन मारीत आणि ‘हो’ म्हणेपर्यंत मारीत. कित्येकांच्या जागी दुसराच माणूस उभा राहून ‘हो’ म्हणून येई. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले, कागदावर नोंद झाली. ‘स्वेच्छेने’ हा एक शब्द या साऱ्या व्यवहाराला पुरत होता.

आणि ज्यांनी या माणसांची बाजू घ्यायची, त्या चीनच्या राजदरबारात काय चालले होते?

चिंग राजवटीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय समुद्रापार जाणे हाच गुन्हा होता, आणि त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. आपल्याकडे समुद्र ओलांडला की जात जाई. तिथे डोके जाई, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी. पूर्वजांची थडगी सोडून परक्या देशात जाणारा माणूस प्रजेतून उठला, असे दरबार मानत आला होता. १८५८ साली तह करायला आलेल्या अमेरिकनांपैकी कॅप्टन ड्यू पाँट यांनी चिनी सुभेदार तान यांना सुचवले की, तुमची इतकी माणसे आमच्या देशात आहेत, तर त्यांच्यासाठी तुम्ही वकील का नेमत नाही? तान यांचे उत्तर दुभाष्या मार्टिन यांनी लिहून ठेवले आहे. आशय असा की, सम्राटांच्या संपत्तीला गणती नाही. देश सोडून गेलेल्या मूठभर लोकांची आणि त्यांनी जमवलेल्या मूठभर वाळूची त्यांनी कशाला काळजी करावी. हे वाक्य चिनी अहंकाराचा नमुना म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत वारंवार दिले जाते. मला ते त्याच काळातल्या कोंडवाड्यांशेजारी ठेवून वाचावेसे वाटते. एका बाजूला माणसाला पिल्लू म्हणून विकणारे दलाल, दुसऱ्या बाजूला त्याला आपला म्हणायला तयार नसलेला राजा. मधे जो माणूस उरतो त्याच्यासाठी कोणत्याही तहात जागा नव्हती.

ती जागा झाली, पण चीनच्या इच्छेने झाली नाही. १८५८ पासून कँटन शहर ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होते. वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश मळ्यांना माणसे हवी होती आणि त्यासाठी ऑस्टिन नावाचे एजंट येऊन बसले होते. त्याच वेळी पळवापळवी इतकी वाढली होती की शहरातले लोक संशयित दलालांना पकडून जागीच ठार मारू लागले. या कोंडीतून वाट म्हणून तिथल्या चिनी अधिकाऱ्यांनी १८५९ मध्ये जाहीर केले की, स्वखुशीने जाणाऱ्याला जाता येईल. भरती होईल ती चिनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, उघड कचेरीत. सम्राटाचा कायदा तसाच राहिला, पण व्यवहारात त्याला भोक पडले. पुढच्या वर्षी पराभवानंतर पेकिंगच्या तहात ब्रिटन आणि फ्रान्सने ते कलमच घालून घेतले. बंदुकीच्या धाकाने मिळवलेले हे कलम होते यात शंका नाही. तरीही त्यातून एक गोष्ट अशी निघाली की ती मिळवणाऱ्यांच्याही ध्यानात आली नसावी. जाण्याचा हक्क मान्य केला, की कोण कसा जातो हे विचारण्याचा अधिकारही सरकारकडे येतो.

चीनने तो अधिकार वापरला मार्च १८६६ मध्ये. परराष्ट्र व्यवहारासाठी नव्याने काढलेल्या त्सुंगली यामेन या कचेरीचे प्रमुख राजपुत्र कुंग, ब्रिटिश राजदूत अल्कॉक आणि फ्रेंच प्रतिनिधी बेलोने यांनी बावीस कलमांचा एक करार केला. मजुराचा करार पाच वर्षांचाच. आठवड्यात सहा दिवस काम, दिवसाला साडेनऊ तास. नवराबायको, मुले यांची ताटातूट नाही. माणसे पळवणाऱ्याला देहदंड. आणि मुदत संपल्यावर परतीचा प्रवास मालकाच्या खर्चाने.

हा करार लंडनने आणि पॅरिसने मंजूर केला नाही. अडले ते परतीच्या भाड्यावर. राजदूताने पेकिंगमध्ये सही केली, ती मायदेशी मळेवाल्यांच्या हिशेबात बसली नाही. हिंदुस्थानातून येणाऱ्या गिरमिटियांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, ठरावीक वर्षांनंतर परतीची सोय कायद्याने होती. पण चीनचा प्रवास लांबचा, भाडे जास्त, आणि हिंदुस्थानातली माणसे पुरेशी मिळत होती. तेव्हा वेस्ट इंडिजच्या मळेवाल्यांनी चीनचा नाद जवळपास सोडला आणि हिंदुस्थानातली भरती चालू ठेवली. चिनी मजुराला परतीचे तिकीट मिळावे म्हणून पेकिंगने धरलेल्या हट्टाचा आणि कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांचा असा थेट संबंध आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो कुठे सांगितलेला मी पाहिला नाही.

यामेनने मात्र हेका सोडला नाही. तुम्ही मंजूर करा की न करा, माणसे न्यायची तर या बावीस कलमांप्रमाणेच, असे ते म्हणत राहिले. मकाव त्यांच्या हाती नव्हते, त्यामुळे जहाजे सुटतच राहिली. पण सही झालेला एक कागद आता त्यांच्याजवळ होता.

पुढची हकीकत जपानमधली आहे आणि ती मला थोडी सविस्तर सांगायची आहे.

जुलै १८७२ मध्ये ‘मारिया लूझ’ हे पेरूचे जहाज वादळात मोडतोड झाल्यामुळे दुरुस्तीसाठी योकोहामा बंदरात आले. मकावहून पेरूतल्या कायाओकडे निघालेल्या या जहाजावर सव्वादोनशेच्या आसपास चिनी मजूर होते. एका रात्री त्यांतल्या एकाने समुद्रात उडी टाकली आणि पोहत जाऊन तो ‘आयर्न ड्यूक’ या ब्रिटिश युद्धनौकेला लागला. त्याला जपानी अधिकाऱ्यांमार्फत जहाजावर परत पाठवण्यात आले. त्याला शिक्षा करणार नाही असा शब्द कप्तानाने दिला होता. जहाजावर परतल्यावर त्याला मारहाण झाली आणि त्याची वेणी कापण्यात आली. ज्या देशात वेणी कापणे म्हणजे बंडखोराची खूण होती, तिथल्या माणसाची. त्याचे ओरडणे बंदरातल्या इतर जहाजांवर ऐकू गेले. ब्रिटिश प्रतिनिधी वॉटसन स्वतः जहाजावर जाऊन पाहून आले आणि त्यांनी जपानचे परराष्ट्रमंत्री सोएजिमा तानेओमी यांना चौकशी करायला सांगितले.

इथे एक तांत्रिक मुद्दा निर्णायक ठरला. त्या काळी ज्यांच्याशी तह होते अशा पाश्चात्त्य देशांच्या नागरिकांवर जपानी न्यायालयात खटला चालू शकत नसे; त्यांचा न्याय त्यांच्या देशाचा वकील (कॉन्सल) करी. पण पेरूशी जपानचा तहच नव्हता. त्यामुळे कप्तान एर्रेरा जपानी कायद्याखाली आला. मंत्रिमंडळातच या प्रकरणात पडू नये असे म्हणणारे वजनदार लोक होते, परदेशी वकिलांपैकीही काहींनी हरकत घेतली. सोएजिमा मागे हटले नाहीत. कानागावाचे तरुण अधिकारी ओए ताकू यांच्यापुढे खटला चालला. त्यांचे वय तेव्हा पंचविशीचे.

पहिल्या खटल्यात कप्तान दोषी ठरला, पण शिक्षा माफ झाली. मग त्याने उलटा दावा लावला : या मजुरांनी करार केला आहे, तो मोडून त्यांना जाता येणार नाही. न्यायालयात त्याची बाजू मांडणारे वकील होते डिकिन्स, जपानी कवितांचा इंग्रजी अनुवाद करणारे एक विद्वान गृहस्थ. त्यांनी न्यायालयासमोर जपानचाच आरसा धरला. तुमच्या देशात मुलींना वर्षांच्या बोलीवर कलावंतिणींच्या वाड्यांत विकतात, तेही करार तुम्ही वैध मानता. मग आमचा करार कसा अवैध? ओए ताकू यांनी मजुरांच्या बाजूने निकाल दिला. चीनने शांघायहून अधिकारी पाठवला आणि तो आपल्या माणसांना घेऊन गेला. आणि नोव्हेंबर १८७२ मध्ये जपान सरकारने त्या वाड्यांतल्या स्त्रियांना करारांतून मुक्त करणारा हुकूम काढला. प्रत्यक्षात तो धंदा पुढे चालू राहिला, हेही सांगितले पाहिजे. पण चिनी मजुरांच्या सुटकेच्या खटल्यातला एक बिनतोड प्रतिवाद जपानी स्त्रियांच्या बाबतीत कायदा करायला भाग पाडतो, हे दृश्य मला विसरता येत नाही. एका ठिकाणी ‘स्वेच्छेने’ हा शब्द तपासायला घेतला की शेजारचाही तपासावा लागतो.

पेरूने नुकसानभरपाई मागितली. प्रकरण लवादासाठी रशियाच्या झारकडे गेले आणि १८७५ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने जपानच्या बाजूने निर्णय दिला. योकोहामातल्या चिनी रहिवाशांनी ओए ताकू यांना कृतज्ञतेचे भव्य निशाण भेट दिले होते. ते आजही कानागावात जपून ठेवलेले आहे.

आता क्यूबा.

१८७३ मध्ये चीनने क्यूबासाठीची भरती रोखली. स्पेनच्या प्रतिनिधीने तहाचे कलम पुढे केले : १८६४ च्या तहाप्रमाणे आम्हाला माणसे नेण्याचा हक्क आहे, तो तुम्ही मोडलात, भरपाई द्या. क्यूबात चिनी मजुरांना चांगली वागणूक मिळते, असाही त्याचा दावा होता. प्रश्न पेकिंगमधल्या इतर पाच वकिलातींपुढे गेला. यामेनने तेव्हा जे पाऊल टाकले ते त्यांच्या दृष्टीने अगदी नवे होते. वागणूक चांगली आहे की वाईट हे आम्ही जाऊन त्या माणसांनाच विचारतो, असे त्यांनी म्हटले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी वकील नेमण्याची गरज दरबाराला वाटत नव्हती, त्यांच्याकडे आता आयोग निघाला.

आयोगाचे प्रमुख चेन लान-पिन. अमेरिकेत शिकायला पाठवलेल्या चिनी मुलांवर देखरेख करण्यासाठी ते तेव्हा हार्टफर्डला होते, म्हणजे क्यूबाच्या मानाने जवळच. सोबत दोन युरोपीय : ब्रिटिश मॅकफर्सन आणि फ्रेंच ह्यूबेर, दोघेही चीनच्या जकात खात्यातले नोकर. या निवडीत मला मोठी समज दिसते. चिनी अधिकाऱ्याने एकट्याने लिहिलेला अहवाल युरोपच्या राजधान्यांत कोणी उघडूनही पाहिला नसता. तेव्हा जे डोळे त्यांना विश्वासाचे वाटतात त्यांच्याच देखत साक्षी घ्यायच्या. दुबळ्या देशाच्या मुत्सद्देगिरीला इतके शहाणपण लागते.

१७ मार्च १८७४ ला आयोग हवानाला उतरला आणि ८ मे रोजी परत निघाला. हवाना, मातान्सास, कार्देनास, सिएनफुएगोस. मळे, तुरुंग, आणि ‘देपोसितो’, म्हणजे करार संपलेल्या पण नवा करार न करणाऱ्या माणसांना कोंडून फुकट राबवण्याच्या जागा. सोबत यामेनने दिलेले पन्नासेक प्रश्न. तुला कोणी आणले? फसवून की जबरदस्तीने? जहाजावर किती मेले? करार संपल्यावर कागद मिळाला का? आजारी पडल्यावर काय होते? मेल्यावर पुरतात कसे?

सात आठवड्यांत १,१७६ जबान्या, म्हणजे दिवसाला वीसहून अधिक माणसे. एकेकाला किती वेळ मिळाला असेल, याचा हिशेब साक्षी वाचताना मनात ठेवावा. माणसाच्या वाट्याला पाचसहा वाक्ये येतात. पण त्या पाचसहा वाक्यांत काय सांगायचे ते त्याने वर्षानुवर्षे मनात जुळवून ठेवलेले असावे, अशी ती वाक्ये आहेत. लेखी अर्ज देणाऱ्यांत शिकलेली माणसे होती. काहींनी आपला अर्ज पद्यात लिहून दिला. ज्याच्या हातात सात-आठ वर्षे ऊस तोडायचा कोयता होता, त्याने लेखणी मिळताच वृत्त सांभाळून तक्रार लिहिली.

साक्षी देणाऱ्यांपैकी दहातले आठ जण सांगतात की आपल्याला पळवून किंवा फसवून आणले. हवानाला उतरल्यावर वेणी कापली गेली, अंग चाचपून पाहिले गेले, विक्री झाली. साखर उकळणाऱ्या कढयांसमोर रात्रंदिवसाच्या पाळ्या. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ जो माणूस उभा राहतो त्याला ती धग ठाऊक आहे. तिथे ती महिनोन्महिने होती आणि मागे चाबूक होता. कित्येकांनी गळफास घेतला, विहिरीत उड्या टाकल्या, अफू खाल्ली. साखरेच्या उकळत्या कढईत उडी टाकल्याचेही साक्षींत येते. मोडलेले हातपाय, कापलेले कान, पडलेले दात, पाठीवरचे वळ आपण डोळ्यांनी पाहिले, असे आयोगाने स्वतःच्या शब्दांत नोंदवले आहे. आठ वर्षांची मुदत संपली म्हणून सुटलेला माणूस मिळणे अवघड होते. मालकाने सही केलेला कागद नसेल तर तो फरारी ठरे, आणि फरारी ठरला की देपोसितो.

अहवाल इतर देशांच्या वकिलातींपुढे गेल्यावर ‘वागणूक चांगली आहे’ हे वाक्य स्पेनच्या प्रतिनिधीला पुन्हा उच्चारता येण्याजोगे राहिले नाही. १८७७ मध्ये नवा करार झाला. त्यात करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत बंद झाली आणि १८७९ मध्ये हवानाला चिनी वकिलात उघडली. आयोग अजून क्यूबात होता तेव्हाच, मार्च १८७४ अखेर, मकावची भरतीही थांबली होती. ती थांबवण्याचा हुकूम काढणारा गव्हर्नर व्हायकाउंट सां जानुआरियु मकावला येण्यापूर्वी गोव्यात गव्हर्नर-जनरल होता. त्याने हे केवळ करुणेपोटी केले असे मी म्हणणार नाही. ब्रिटनचा दबाव होता, मारिया लूझच्या प्रकरणात मकावचे नाव जगभर झाले होते. पण हुकूम त्याच्या सहीने निघाला.

पेरूची हकीकत थोडक्यात. तहाची बोलणी करायला पेरूचे प्रतिनिधी गार्सिया इ गार्सिया तिएन्त्सिनला आले, समोर चीनच्या बाजूने ली हुंग-चांग. जून १८७४ मध्ये तह झाला. पण मंजुरीपूर्वी येल विद्यापीठाचे पदवीधर युंग विंग यांना पेरूला पाठवण्यात आले. ते परतताना मजुरांच्या पाठींची दोन डझन छायाचित्रे घेऊन आले. फटक्यांनी फाटलेल्या पाठींची ही छायाचित्रे त्यांनी रात्रीच्या वेळी काढवून घेतली होती. छायाचित्र हा राजनैतिक पुरावा होऊ शकतो, हे फार थोड्यांच्या तेव्हा लक्षात आले असेल.

या मुत्सद्देगिरीने सगळे साधले असे मी म्हणत नाही. १८६८ मध्ये अमेरिकेने चीनशी केलेल्या तहात माणसाला आपला देश बदलण्याचा उपजत हक्क आहे असे लिहिले गेले, आणि १८८२ मध्ये त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला. जबरदस्तीने नेणे थांबले आणि स्वखुशीने जाणेही अडले.

पण मराठी वाचकासमोर मला एक तुलना ठेवायचीच आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातली माणसे गिरमिट करून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, गणपती बसवतात. गिरमिटाखालच्या हिंदी मजुरांसाठी कायदे होते, संरक्षक म्हणून नेमलेले अधिकारी होते. पण भरती करणारे सरकार आणि तक्रार ऐकणारे सरकार एकच होते. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तो सरकारी मतांनी फेटाळला गेला. पुढच्या वर्षी सरकारने वसाहतींत पाहणीसाठी दोघांना पाठवले. त्यांचा अहवाल पद्धत चालू ठेवण्याच्या बाजूचा निघाला. १९१५ मध्ये सी. एफ. अँड्र्यूज आणि पिअर्सन आपणहून फिजीला गेले, तेव्हा कुठे तिथल्या मजुरांचे म्हणणे इथपर्यंत पोचले. चीन हरलेला देश होता, त्याच्या बंदरांत परक्यांच्या तोफा होत्या. तरी त्याला आपला चेन लान-पिन पाठवता आला, कारण तो देश होता. आपल्या माणसांना पन्नास प्रश्न विचारायला आपले म्हणता येईल असे सरकार नव्हते. मॉरिशसच्या मळ्यांवर रत्नागिरीच्या माणसाने काय सांगितले असते, ते अशा एका जागी गोळा झालेले आपल्याकडे नाही.

अनुवादाविषयी दोन शब्द. अहवाल चिनी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत तयार झाला. मी इंग्रजी आवृत्तीवरून अनुवाद केला आहे. साक्षींची भाषा रुक्ष आहे, ती तशीच ठेवली. जिथे तेच तेच वाक्य दहा साक्षींत येते, तिथे ते दहाही वेळा ठेवले. छपाईचा खर्च वाचवण्यासाठी ती पुनरुक्ती गाळावी असे मला सुचवण्यात आले होते. मी ते मानले नाही. दहा माणसांना दहा वेळा मारले गेले होते.

वाचकाकडे एकच मागणे आहे. प्रत्येक साक्षीच्या आरंभी माणसाचे नाव आणि त्याचा जिल्हा दिला आहे. मळ्यावर त्याला स्पॅनिश नाव ठेवलेले होते. चेन लान-पिन यांच्यापुढे त्याने स्वतःचे सांगितले. तेवढी एक ओळ सावकाश वाचा आणि मगच पुढे जा.